ह्युगोचे फॅन विभाग आजच्या फॅनडमचे राहिले आहेत का?

धूमकेतू_७६

वर्ल्डकॉन या दर वर्षी भरणाऱ्या जागतिक विज्ञानकथा अधिवेशनाचे सभासद मतं देऊन ह्युगो पुरस्कार ठरवतात. त्यांतल्या कादंबरी-कथांच्या विभागांवर सगळेच बोलतात. मला विचारायचंय ते यादीत खाली येणाऱ्या चार विभागांबद्दल: फॅनझीन (चाहत्यांनी हौसेने काढलेला अंक), फॅन लेखक, फॅन चित्रकार आणि फॅनकास्ट (चाहत्यांचा पॉडकास्टसारखा कार्यक्रम). वाचकांनी वाचकांच्याच कामाला दिलेली दाद, असा यांचा हेतू. फॅनझीनचा पुरस्कार १९५५ पासून आहे, फॅन लेखक आणि फॅन चित्रकार १९६७ पासून. त्या काळी फॅनझीन म्हणजे सायक्लोस्टाइलवर काढलेला, स्टेपल मारलेला, पोस्टाने ओळखीपाळखीच्या वाचकांना जाणारा अंक. बहुतेक अंक पैशांपेक्षा देवाणघेवाणीवर चालत. वाचून पत्र लिहा, लेख पाठवा, नाहीतर बदल्यात तुमचा अंक द्या. त्यामुळे मत देणारे आणि वाचणारे बऱ्याच अंशी एकच होते.

आता फॅनडममधली, म्हणजे चाहत्यांच्या जगातली, चर्चा ब्लॉगवरून पॉडकास्टवर, तिथून यूट्यूबवर आणि पुढे डिस्कॉर्डच्या बंद गटांत गेली आहे. फॅनफिक्शनचं, म्हणजे आवडत्या कलाकृतींतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं, जग तर वेगळंच आणि अफाट मोठं. असं असताना हे चार विभाग नेमकं कोणाचं प्रतिनिधित्व करतात? विभाग बंद करावेत, नव्याने आखावेत की आहेत तसे चालू द्यावेत? नुसत्या आवडीनिवडी नकोत. नियम, आकडे आणि कुठे काय अडतं ते कळलं तर बरं.

शाई_आणि_स्टेपलर

विभागांचा इतिहास पाहिला तर एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: आधी छंद बदलतो, मग एखादा निकाल लोकांना खटकतो, मग नियम बदलतो.

पहिलं मोठं उदाहरण ‘लोकस’ या विज्ञानकथाविश्वाच्या बातम्या देणाऱ्या अंकाचं. सुरुवात साध्या वार्तापत्राची, पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो चांगलाच मोठा व्यवसाय झाला होता. घरच्या घरी अंक काढणाऱ्याने त्याच्याशी फॅनझीन विभागात टक्कर द्यायची कशी? म्हणून १९८४ ला सेमीप्रोझीन हा मधला विभाग आला. तिथेही ‘लोकस’च वर्षानुवर्षं जिंकत राहिला आणि शेवटी व्यावसायिक प्रकाशनाची व्याख्या कडक करून त्याला बाहेर ठेवावं लागलं.

दुसरं उदाहरण २०१० चं. ‘स्टारशिपसोफा’ हा पॉडकास्ट फॅनझीन विभागात जिंकला. छापील अंकवाले चिडले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. महिनोन्‌महिने खपून केलेला लेखी अंक आणि ध्वनिमुद्रित कार्यक्रम एका मापाने मोजता येत नाहीत. त्यातून फॅनकास्ट वेगळा झाला आणि २०१२ ला पहिल्यांदा दिला गेला. गंमत अशी, की त्याच वर्षी फॅनझीन मिळालं ते ‘एसएफ सिग्नल’ या ब्लॉगला. म्हणजे आवाज बाहेर काढला, तरी कागद परत आला नाही. पुढे २०२२ ला ‘स्मॉल गॉड्स’ जिंकलं: एक चित्र आणि सोबत छोटा मजकूर, अशी टम्बलरवरची मालिका. नियमाच्या शब्दांत ती बसते. पण १९५५ च्या मतदाराला तो अंक वाटला असता का?

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१९ ला डब्लिनमध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या ऑनलाइन संग्रहाला पुरस्कार मिळाला, तो ‘संबंधित साहित्यकृती’ या विभागात. तेव्हा त्या संग्रहात पन्नास लाखांच्या आसपास कृती होत्या. फॅनडममधली एवढी मोठी घडामोड, आणि तिला चारही फॅन विभागांत जागा नाही! फॅनझीन म्हणावं तर संपादित अंक नाही, फॅन लेखक म्हणावं तर लेखक लाखोंनी.

म्हणून माझं उत्तर: विभाग बंद करू नयेत, पण ‘अंक’ हे एकक सोडून द्यावं. व्याख्येत अजूनही ‘चार किंवा अधिक अंक, किंवा अन्य माध्यमातलं तत्सम काही’ अशी भाषा आहे. या ‘तत्सम’चा अर्थ दर वर्षी त्या त्या अधिवेशनाच्या पुरस्कार समितीला लावावा लागतो. ब्लॉगच्या चार नोंदी म्हणजे चार अंक का? चाळीस का नाहीत?

मतमोजणी

वरच्या प्रतिसादातला क्रम पटतो, पण नियम उशिरा का बदलतात ते त्यात आलं नाही. ह्युगो देणाऱ्या वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटीच्या घटनेत दुरुस्ती करायची तर ती एका वर्ल्डकॉनच्या कामकाज सभेत मंजूर व्हावी लागते आणि पुढच्या वर्ल्डकॉनमध्ये पुन्हा मंजूर व्हावी लागते. तेव्हा कुठे ती लागू होते. नामांकनाची, म्हणजे अंतिम मतदानाआधी सभासद नावं सुचवतात त्या फेरीची, नवी मोजणी २०१५ ला स्पोकेनमध्ये मंजूर झाली, २०१६ ला कॅन्सस सिटीत कायम झाली आणि २०१७ ला हेलसिंकीत पहिल्यांदा वापरली गेली. दर वर्षी शहर बदलतं, त्यामुळे सभेला येणारी माणसंही बदलतात. हे मुद्दाम ठेवलेलं आहे, एका शहरातल्या गटाने येऊन घटना फिरवू नये म्हणून. सिअ‍ॅटलने २०२५ ला ही सभा अधिवेशनाआधी ऑनलाइन घेतली. विमानाचं तिकीट न काढता नियमांवर मत देता येणं ही लहान गोष्ट नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. फॅन विभाग कोणाचे, याचं सरळ उत्तर: सभासदत्व घेऊन तो रकाना भरणाऱ्यांचे. आणि रकाना रिकामा सोडणारे पुष्कळ असतात. खरी अडचण तिथे आहे.

घटनेत एक पंचवीस टक्क्यांचा नियम आहे. अंतिम फेरीत एकूण जितक्या मतपत्रिका आल्या, त्यांच्या २५ टक्क्यांहून कमी मतपत्रिका एखाद्या विभागात पडल्या, तर त्या विभागात पुरस्कार दिलाच जात नाही. मतपत्रिकेवर ‘पुरस्कार नको’ असाही एक पर्याय असतो; ज्यांनी तो पहिल्या क्रमांकावर टाकला, त्या मतपत्रिका या हिशेबात धरत नाहीत. २०२४ ला ग्लासगोत ३,४३६ वैध मतपत्रिका होत्या, म्हणजे प्रत्येक विभागाला किमान ८५९ हव्यात. २०१५ ला ५,९५० होत्या, तेव्हा किमान आकडा १,४८८. म्हणजे कादंबरीसाठी मतदार वाढले, की फॅन विभागांचा उंबरठा आपोआप वर जातो. फॅनझीन वाचणारे तेवढेच राहिले तरी! २००८ पूर्वी बऱ्याच वर्षी एकूण मतपत्रिकाच हजाराच्या आत असत, तेव्हा याची झळ नव्हती. ‘विभाग मागे पडलाय’ अशी तक्रार ऐकली की मी आधी ही टक्केवारी बघतो. विभागाचे वाचक घटलेले नसतातच बऱ्याचदा. एकूण आकडा फुगलेला असतो.

दुसरी गोष्ट नामांकनाच्या त्या नव्या मोजणीची. प्रत्येक विभागात जास्तीत जास्त पाच नावं लिहिता येतात आणि अंतिम यादीत सहा जातात. प्रत्येक मतदाराचा प्रत्येक विभागात एक गुण असतो आणि तो त्याच्या शिल्लक नावांत सारखा वाटला जातो. दर फेरीत सर्वांत कमी गुणांची दोन नावं समोरासमोर येतात. त्या दोघांत ज्याला कमी लोकांनी सुचवलं ते बाद होतं आणि ते सुचवणाऱ्यांचा गुण त्यांच्या उरलेल्या नावांत पुन्हा वाटला जातो.

आकडे घालून बघा. शंभरेक जणांनी ठरवून जवळपास तीच पाच नावं लिहिली. प्रत्येक नावाला २० गुण. बाहेरची सहा नावं आहेत, त्यांना ३४ ते ५० च्या दरम्यान गुण, पण प्रत्येकाला सुचवणारे शंभरापेक्षा कमी. जुन्या पद्धतीत यादी पाचांची होती आणि त्या गटाने पाचही जागा घेतल्या असत्या. नव्या पद्धतीत तळाची दोन्ही नावं त्याच गटातली निघतात, म्हणून गटातलंच एक नाव पडतं. उरलेल्या चारांना २५ गुण. पुन्हा तळाला तीच. तिघांना ३३, अजूनही तळाला. दोघांना ५० झाले की मग कुठे ती तळातून वर येतात. त्यानंतर बाहेरची दोन नावं पडतात आणि शेवटच्या सहांत गटाची दोन, बाहेरची चार. (पडलेल्या बाहेरच्या नावांचे गुण दुसरीकडे गेले तर थोडा फरक पडेल, पण चित्र हेच.) २०१५ ला ठरवून केलेल्या याद्यांमुळे पाच विभागांत मतदारांनी ‘पुरस्कार नको’ निवडलं होतं. ही पद्धत त्यावरचा उपाय आहे.

पण छोट्या विभागांत तिचा एक उपपरिणाम होतो. ज्याने फक्त एकच नाव लिहिलं, त्याचा अख्खा गुण त्या नावाला जातो. फॅन चित्रकार विभागात ‘मला एकच जण माहीत आहे’ म्हणणारे बरेच असतात. म्हणजे रुंद वाचन करून पाच नावं लिहिणाऱ्यापेक्षा एकनिष्ठ मतदाराचं वजन सुरुवातीच्या फेऱ्यांत पाचपट. मात्र समोरासमोरच्या लढतीत गुण बघत नाहीत, सुचवणाऱ्यांची संख्या बघतात. त्यामुळे पाच नावं लिहिणाऱ्याचं मत वाया जात नाही आणि बाकीची नावं बाद होतील तसा त्याचा गुण उरलेल्यांवर एकवटतो.

कृष्णमेघ

मतमोजणी यांचं गणित बरोबर आहे, तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. उंबरठा वर गेल्याने पुरस्कार हुकू शकतो, मान्य. पण पुरस्कार कोणाला मिळतो हे त्यातून कळत नाही. फॅन लेखकाची यादी बघा. डेव्ह लँगफर्ड यांनी हा पुरस्कार २१ वेळा जिंकला, त्यात १९८९ ते २००७ सलग १९ वर्षं. त्यांचं लेखन उत्तमच होतं. पण सलग १९ वर्षं एकच नाव येतं, तेव्हा बहुतेक मतदारांना दुसरं नाव सुचत नव्हतं असाच त्याचा अर्थ लागतो. २००८ ला जॉन स्काल्झी जिंकले, ब्लॉगमुळे. त्यानंतर जवळपास दर वर्षी नवं नाव. ‘पूर्वीचे विभाग फॅनडमचे खरे प्रतिनिधी होते’ हे गृहीतक म्हणूनच मला पटत नाही. पूर्वी ते एका लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या, मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या मंडळाचे प्रतिनिधी होते.

व्यावसायिक लेखक फॅन लेखकाचा पुरस्कार नेतात, ही जुनी तक्रारही तपासून घ्यावी. नियम माणूस बघत नाही, आधीच्या वर्षीचं फॅन लेखन बघतो. २०१० चे विजेते फ्रेडरिक पोल हे व्यावसायिक लेखकांच्या संघटनेचे ग्रँड मास्टर (तिथला सर्वोच्च सन्मान) होते, आणि तीसच्या दशकापासूनचे फॅनही. त्यांना कुठल्या रांगेत उभं करायचं? अडचण निराळी आहे. ज्याच्या कादंबऱ्या हजारो मतदारांनी वाचल्यात, त्याचं नाव मतपत्रिकेवर ओळखीचं असतं आणि रिकामा रकाना भरताना हात तिकडे जातो. त्यासाठी बंदी नको. मतदारांना मिळणाऱ्या वाचन-संचात फॅन लेखकांचे निवडक लेख नीट, वाचता येतील असे दिलेले असले, तर फरक पडतो. अंतिम यादीतल्या उमेदवाराने पाच-सहा लेख एका पीडीएफमध्ये, तारखांसह द्यावेत. नुसती ब्लॉगची लिंक दिली की मतदार पहिलं पान बघून परत जातो.

आणि विश्वासाचा प्रश्न या सगळ्याच्या वर आहे. २०२३ च्या चीनमधल्या चेंगडू वर्ल्डकॉनची आकडेवारी ९० दिवसांच्या मुदतीच्या अगदी शेवटी, २० जानेवारी २०२४ ला बाहेर आली. त्यात पुरेशी नामांकनं असलेली काही नावं कारण न देता ‘अपात्र’ दाखवलेली होती. फॅन लेखक विभागातलं पॉल वाइमर यांचं नाव त्यांपैकीच एक. पुढच्या महिन्यात फुटलेल्या इमेलींतून दिसलं, की उमेदवारांच्या लेखनातले चीनविषयक उल्लेख शोधून टिपणं काढली गेली होती. व्याख्या कितीही सुधारा, यादी अशी कापली जात असेल तर समाजाचं प्रतिबिंब वगैरे बोलण्यात अर्थ उरत नाही. २०२४ च्या ग्लासगो वर्ल्डकॉनने ३७७ मतं बनावट म्हणून बाद केली, ती कशावरून हे निकालाआधी जाहीर केलं आणि त्या मतांशिवाय मोजणी केली. त्याच वर्षी फॅन लेखकाचा पुरस्कार वाइमर यांना मिळाला.

धूमकेतू_७६

सगळ्यांचे आभार, विशेषतः गुणांच्या उदाहरणाबद्दल. एक पुढचा प्रश्न. चेंगडूत ‘झिरो ग्रॅव्हिटी न्यूजपेपर’ हे चिनी फॅनझीन जिंकलं. मग मराठीतला एखादा विज्ञानकथांचा ऑनलाइन दिवाळी अंक, हौसेने काढलेला, फॅनझीन म्हणून पात्र ठरतो का? की भाषेवरच अडतं?

शाई_आणि_स्टेपलर

भाषेची अट नियमात नाही. उलट दुसऱ्या भाषेतली कृती पहिल्यांदा इंग्रजी अनुवादात आली, की तिला त्या वर्षी पुन्हा पात्रता मिळते. ती सोय कथा-कादंबऱ्यांना जास्त उपयोगी.

दिवाळी अंकाचं असं आहे. चार अंक एका वर्षात लागत नाहीत, आजवर एकूण चार निघालेले हवेत आणि त्यांतला किमान एक पुरस्काराच्या आधीच्या कॅलेंडर वर्षातला. म्हणजे वर्षाला एकच अंक काढणाऱ्यांना चौथ्या दिवाळीनंतर संधी. मानधन हा कळीचा मुद्दा. लेखकांना पैसे दिले असतील, अगदी नाममात्र का होईना, तर तो फॅनझीन राहत नाही. व्यावसायिक नसला तर सेमीप्रोझीनमध्ये जातो. लेखकाला अंकाची प्रत दिली तर चालते. अंक फक्त विकतच मिळत असेल तरीही तो फॅनझीन राहत नाही. ऑनलाइन फुकट आणि छापील प्रत किंमत लावून, अशी व्यवस्था असेल तर अडचण नाही, कारण अंक ‘फक्त विकत’ मिळतो असं होत नाही.

मतमोजणी

पात्र ठरणं आणि यादीत येणं यांत मोठं अंतर आहे, तेवढं जोडतो. ‘झिरो ग्रॅव्हिटी’ आलं कारण चेंगडूमुळे चिनी वाचकांनी मोठ्या संख्येने सभासदत्व घेतलं. आपल्याकडे वर्ल्डकॉन कधी झालेलं नाही. मतदानापुरतं सभासदत्व साधारण ५० डॉलर, म्हणजे चार-साडेचार हजार रुपये, शिवाय परदेशी व्यवहार चालणारं कार्ड. एवढे पैसे घालून फॅनझीनच्या रकान्यात मराठी नाव लिहिणारे पन्नास-शंभर वाचक कुठून आणायचे? आणि आणले, तर ठरवून केलेल्या यादीचा आरोप येणार. नुसतं एक नाव सर्वांनी लिहिणं नियमबाह्य नाही, पण ठरावीक मताच्या बदल्यात सभासदत्वाचे पैसे दुसऱ्याने भरणं, एकाने अनेक नावांनी मत देणं, यांतून मतं बाद होतात. ग्लासगोचं उदाहरण वर आलंच आहे.

त्यापेक्षा इंग्रजी लेखनातून मराठी विज्ञानकथेची ओळख करून देणारा फॅन लेखक जास्त लवकर दिसेल. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा, १९७४ ला जयंत नारळीकरांनी टोपणनावाने तिला पाठवलेली ‘कृष्णविवर’, दिवाळी अंकांतली कथांची परंपरा, यांवर इंग्रजीत तपशीलवार लिहिलेलं फारच थोडं आहे. असे लेख कुठल्याही खुल्या ब्लॉगवर आले तरी पात्र. समाजमाध्यमाच्या बंद गटात टाकले तर नाही, कारण ‘सर्वांना उपलब्ध’ ही अट आहे. डिस्कॉर्डवरचं उत्तम लेखन याच कारणाने कायम हुकतं, आणि तिथे मला विभागाची व्याख्या खरोखर मागे पडलेली वाटते.

पत्रोत्तर

एक पर्याय कोणी मांडला नाही. अंकवाल्यांचे स्वतःचे फान पुरस्कार आहेत. सत्तरच्या दशकात सुरू झाले, मध्ये बंद पडले, नंतर कॉरफ्लू या फॅनझीनवाल्यांच्या छोट्या अधिवेशनात पुन्हा सुरू झाले. मतदार थोडे, पण बहुतेक जण अंक वाचणारे आणि पत्रं लिहिणारे. ईफॅनझीन्स या संकेतस्थळावर पीडीएफ अंक फुकट मिळतात. तिथले चार-पाच अंक वाचले तरी कळेल, की ही परंपरा संपलेली नाही, ती ह्युगोच्या यादीतून बाहेर पडली आहे. कृष्णमेघ म्हणतात त्या लहान मंडळाला स्वतःचं घर मिळालं, तर ह्युगोच्या फॅनझीन विभागाने ब्लॉगांकडे जायला काहीच हरकत नाही. मग दोन्हीकडची भांडणं निम्मी होतील.

कृष्णमेघ

@पत्रोत्तर, घर आहे हे खरं, पण ह्युगोचं नाव नवख्या वाचकाला तिथवर घेऊन जातं. २०१६ ला ‘फाइल ७७०’ जिंकलं तेव्हा जुनं छापील फॅनझीन आणि रोजचा बातम्यांचा ब्लॉग एकाच नावाखाली चालू शकतात हे लोकांना दिसलं. २०१८ ला पुन्हा जिंकल्यावर संपादक माइक ग्लायर यांनी पुढच्या वर्षांसाठी स्वतःहून माघार घेतली. अशी माघार घेणारे आणखी निघाले तर विभाग जास्त मोकळा होईल, आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

मतमोजणी

ज्यांना यंदा-पुढच्या वर्षी प्रत्यक्ष भाग घ्यायचाय त्यांच्यासाठी. नामांकनाचा हक्क त्या वर्षीच्या आणि आदल्या वर्षीच्या वर्ल्डकॉनच्या सभासदांना असतो. अलीकडच्या वर्षांत जानेवारी अखेरपर्यंत सभासद व्हावं लागलं आहे, तरी त्या वर्षीच्या संकेतस्थळावर तारीख बघून घ्या. अंतिम मतदान मात्र फक्त त्या वर्षीच्या सभासदांचं. नामांकन लिहिताना फॅनझीनसमोर संपादकांची नावं आणि चालू लिंक द्या. एकाच अंकाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं आली की मोजणाऱ्यांना ती हाताने जुळवावी लागतात. अंतिम फेरीत क्रम लावताना ‘पुरस्कार नको’च्या खाली नाव लिहिलं, तर ‘पुरस्कार नको’ बाद झाल्यावर तुमचं मत त्या नावाकडे जातं. एखाद्याला अजिबात मदत करायची नसेल तर त्याचा चौकोन रिकामा सोडा. आणि फॅन विभागांत एक जरी काम मनापासून आवडलं असेल, तर तेवढं एक नाव पहिल्या क्रमांकावर टाका. पंचवीस टक्क्यांच्या हिशेबात ती एक मतपत्रिका धरली जाते.